पापुद्र्यावरचा धंदा

आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावर मी अधूनमधून कविता वाचायला जातो. या वेळी फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. "कविता नकोत, तुमच्या धंद्याबद्दल बोला," असं पलीकडून सांगितलं. मी जरा गोंधळलो. माझा धंदा चकाकीचा. रेडिओवर चकाकी दाखवायची कशी? मग वाटलं, बरंच आहे. चकाकी समोर दिसली की माणूस पुढचं काही ऐकून घेत नाही.

मी मोटारगाड्यांचं डिटेलिंग करतो. या शब्दाला मराठी प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही. 'धुलाई' म्हटलं तर गिऱ्हाईक शंभराची नोट पुढे करतं. 'रंगकाम' म्हटलं तर मला पेंटर समजतं. माझं काम या दोन्हींच्या मधलं. गाडीचा आहे तोच रंग, आहे तोच पत्रा, आहे त्याच सीटा. त्यांच्यावरची घाण, डाग, चरे काढायचे आणि ते पुन्हा लवकर बसू नयेत अशी तजवीज करायची.

मी १९९१ साली मराठी विषय घेऊन बी.ए. झालो. दोन वर्षं नोकरीसाठी हेलपाटे घातले आणि शेवटी मामूंच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग शिकायला लागलो. रंग मारता मारता लक्षात आलं की आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांना नव्या रंगाची गरजच नसते. मूळ रंग शाबूत असतो, वरचं तेवढं खराब झालेलं असतं. २००८ साली मी होटगी रोडला एक शेड भाड्याने घेतली आणि तेवढंच काम करायचं ठरवलं.

आता हे 'वरचं' म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे. कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने त्याच्यावर गंज रोखणारा पहिला थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर एक बिनरंगी, पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. आपण जिला रंगाची चकाकी म्हणतो ती या बिनरंगी थराची असते. उन्हातले अतिनील किरण थोपवण्याचं कामही तोच करतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांवर या सगळ्या थरांची जाडी मिळून ९० ते १३० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला चाळीसेक मायक्रॉन येतात. हा मजकूर ज्या कागदावर छापला आहे, तो कागदसुद्धा याहून जाड आहे. एवढ्या पापुद्र्यावर आपण ऊन, धूळ, चिंचेखालचा चिकटा, कावळ्यांची शिट आणि सकाळच्या घाईतलं कोरडं फडकं, असं सगळं सोडून देतो.

त्यातलं फडकं सगळ्यात वाईट. एखादी काळी गाडी भर उन्हात बघा. जिथे सूर्याचं प्रतिबिंब पडतं त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसेल. लोकांना वाटतं, हे चरे गोल आहेत. तसं नसतं. बारीक चरे सगळ्या दिशांना पसरलेले असतात, पण उजेडाला आडवे असणारे तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. घासलेलं स्टीलचं ताट दिव्याखाली धरून पाहा, हाच प्रकार दिसेल. हे चरे मारले कोणी? शंभरातल्या नव्वद वेळा खुद्द मालकाने. बॉनेटवरची धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. कोरडं फडकं फिरवलं की ते पॉलिश पेपरचं काम करतं.

म्हणून आमच्याकडे गाडीला हात लावायच्या आधी पाणी लागतं. आधी चाकं धुवायची, कारण सगळ्यात जास्त घाण तिथे असते आणि ती वर उडते. मग गाडीवर फेस मारायचा आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. तो वाळू द्यायचा नाही. माती सुटून खाली ओघळली की पाण्याने धुवायचं आणि मगच हातमोज्याने वरून खाली यायचं. बादल्या दोन. एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी. मोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शांपूत बुडवायचा. एकच बादली वापरली तर दारावरची माती आपणच उचलून टपावर नेऊन घासतो. कपडे धुवायची पावडर वापरायची नाही. ती तेलकटपणा काढते तशी रंगावरचं मेणही काढते आणि रबराची रया घालवते. गाडी उन्हात धुवायची नाही. एवढं पाळलं तरी माझ्यासारख्याची गरज निम्म्याने कमी होईल. धंद्याचं नुकसान करून सांगतोय, पण सांगतोय.

पुसायचं कशाने? सोलापूर हे चादरीचं आणि टेरी टॉवेलचं गाव. तरी माझ्या शेडमध्ये सोलापुरी टॉवेल फक्त आमच्या हातापायांसाठी असतो. गाडीसाठी मायक्रोफायबर लागतं. त्याचे धागे फार बारीक असतात आणि कण आत ओढून घेतात. सुती टॉवेलची शिवलेली कड रंगावर ओढली जाते. आमच्या गल्लीत टॉवेलचे एक कारखानदार राहतात. या विषयावर त्यांचा माझ्यावर राग आहे.

पाण्याचं मात्र कायम दुखणं. आमच्या शहरात बरीच वर्षं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत आलं, त्यामुळे धंदा बोअरच्या पाण्यावर. बोअरचं पाणी क्षाराचं. उन्हात थेंब वाळला की त्याच्या जागी कॅल्शियमचं पांढरं कडं उरतं. ताजं असेल तर सौम्य व्हिनेगरने जातं. दोन उन्हाळे राहिलं तर क्लिअर कोटमध्ये खड्डा पडतो. क्षार काढायचं यंत्र मी पॉलिशच्या मशीनच्या आधी घेतलं.

२०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. लातूर आमच्यापासून काही फार लांब नाही. लोक घागरी घेऊन रांगेत उभे असताना आपण नळी लावून गाडीवर दीडशे-दोनशे लिटर पाणी सोडायचं, हे मला जमेना. तेव्हा बिनधुण्याची पद्धत शिकलो. एका बादलीत आठ-दहा लिटर पाणी आणि त्यात झाकणभर द्रावण. ते धुळीच्या कणांना वेढून निसरडं करतं, त्यामुळे ते रंगावर घासत नाहीत. दहा-बारा फडकी घ्यायची आणि प्रत्येक घडीची प्रत्येक बाजू एकदाच वापरायची. चिखलाने लडबडलेल्या गाडीला ही पद्धत चालत नाही, नुसत्या धुळीला चालते. आजही उन्हाळ्यात आमच्या निम्म्या गाड्या अशाच निघतात.

धुतल्यावरही गाडीवरून हात फिरवला तर खरखर लागते. प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातावर चढवून फिरवा, अजून स्पष्ट लागेल. ती ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड असते. रेल्वेच्या यार्डाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर तर हमखास. तिच्यावर एक औषध मारलं की ते लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं आणि जांभळे ओघळ खाली येतात. गिऱ्हाईक खूश होतं, वास मात्र सडक्या अंड्यांचा. राहिलेलं काढायला एक खास चिकणमाती असते. पाणी मारून ती अलगद फिरवायची. जमिनीवर पडली तर तो गोळा फेकून द्यायचा, कितीही महाग असला तरी. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलाची पहिली परीक्षा हीच. पडलेली माती गुपचूप उचलून परत वापरणारा मुलगा पॉलिशच्या मशीनला हात लावत नाही.

आता पॉलिश. खरी मेख इथे आहे. चरा म्हणजे खाच. खाच भरून येत नाही. तिच्या आजूबाजूचा उंचवटा घासून तिच्या तळाशी नेला की ती दिसेनाशी होते. म्हणजे पॉलिश करणं म्हणजे क्लिअर कोट काढणं. एका कडक रबिंगमध्ये दोन-चार मायक्रॉन सहज जातात. आहेत चाळीस. हिशेब तुम्हीच करा.

मशीन दोन जातीची. एक नुसती गरगर फिरते. ती झपाट्याने कापते आणि एका जागी रेंगाळली की रंग तापवते. दुसरी फिरता फिरता डुलते. ती हळू, पण सुरक्षित. त्यांना लोकरीचं नाहीतर फोमचं पॅड लावायचं, त्यावर वाटाण्याएवढे चार थेंब कंपाउंड आणि दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा उभा-आडवा चालवायचा. पत्र्याची जिथे घडी असते, कड असते, तिथे आधी मास्किंग टेप लावायची. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तिथे एकवटतो.

हे टेपचं मला २०१० सालापर्यंत कळलं नव्हतं, असं नाही. कळलं होतं. कंटाळा केला.

मला शाळेत मराठी शिकवणारे सर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी आपली निळी वॅगन-आर माझ्याकडे आणली. जुनी घेतलेली गाडी, पण त्यांची पहिली. जपून वापरायचे. मी डाव्या मागच्या दारावर गरगरतं मशीन चालवत होतो आणि फोमच्या पिवळ्या पॅडवर निळं दिसलं. जुन्या पद्धतीच्या रंगावर, जिथे क्लिअर कोट नसतोच, पॅडला रंग लागतो, त्यात विशेष काही नाही. पण क्लिअर कोटच्या गाडीवर पॅडला रंग लागला म्हणजे तुम्ही वरचा थर फोडून आत गेलात. मशीन बंद केलं. दाराच्या घडीवर बोटभर लांबीचा निस्तेज पट्टा पडला होता. आधीच्या मालकाने कधी किती वेळा घासून घेतलं होतं देव जाणे, मी शेवटचा घास घेतला.

त्यावर मेण चोपडून गाडी देता आली असती. महिनाभर दिसलं नसतं. मी सरांना बोलावून घेतलं, दाखवलं आणि अख्खं दार माझ्या खर्चाने रंगवून दिलं. सर काही बोलले नाहीत. गाडी न्यायला आले तेव्हा म्हणाले, "हे जे झालं ते मला लिहून दे." मला वाटलं, भरपाई मागणार. मी माझ्या बिलाच्या कागदावर चार ओळी लिहिल्या: हे दार अपघातामुळे नव्हे, माझ्या हातून पॉलिश करताना रंग गेल्यामुळे पुन्हा रंगवले आहे. खाली तारीख, सही. सरांनी चष्मा लावून वाचलं, खिशातून पेन काढून एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली आणि कागद घडी करून गाडीच्या खणात ठेवला.

त्यानंतर दोन महिन्यांची कमाई घालून मी जाडी मोजायचं यंत्र घेतलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असतं. पत्र्यावर टेकवलं की आकडा दाखवतं. बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे त्यावर ते चालत नाही. ते एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोटची वेगळी नाही, त्यामुळे अंदाज बांधावाच लागतो. तरी अंधारात घासण्यापेक्षा बरं. तेव्हापासून प्रत्येक गाडीचे आकडे वहीत लिहितो. बॉनेट, टप, चारही दारं, डिकी.

यंत्राने मला नको ते दाखवायलाही सुरुवात केली. जुन्या गाड्यांचे एक व्यापारी माझं मोठं गिऱ्हाईक होते. विक्रीआधी गाडी चमकवायला माझ्याकडे पाठवायचे. एकदा एक तरुण शिक्षक आणि त्यांची पत्नी त्यांच्याकडून घ्यायची गाडी घेऊन थेट माझ्याकडे आले. "सर्व्हिस तुमच्याकडेच झालीय म्हणतात. गाडी कशी आहे?" मी यंत्र काढलं. टप ११२. उजवीकडची दोन्ही दारं ४०० च्या वर. इतकी जाडी नुसत्या रंगाने येत नाही, खाली पुट्टी असते. मी काही बोललो नाही, आकडे त्यांना वाचू दिले आणि विचारलं तेव्हा पुट्टी म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी गाडी घेतली नाही. पुढे वर्षभर त्या व्यापाऱ्यांकडून माझ्याकडे एकही गाडी आली नाही. दोन मुलांचा पगार त्यांच्या कामावर निघायचा. त्यातल्या एकाला मला दुसरीकडे लावून द्यावं लागलं. हे सोपं गेलं असं मी म्हणणार नाही.

माझा भाचा आता धंदा सांभाळतो. हुशार आहे, हात माझ्यापेक्षा हलका आहे. आमचं भांडण एकाच गोष्टीवर. बाजारात एक तेलकट पॉलिश मिळतं. ते चरे काढत नाही, त्यांत भरून बसतं. गाडी आरशासारखी दिसते आणि तिसऱ्या धुण्याला जाळं परत हजर. खरं काम झालं की नाही हे बघायला पत्रा अल्कोहोलने पुसून दिव्याखाली बघावा लागतो. भाचा म्हणतो, "मामू, गिऱ्हाईकाला चकाकी पाहिजे, मायक्रॉन नको." त्याचं अगदीच खोटं नाही. दोन दिवस राबून चरे काढले तर आठ-दहा हजार सांगावे लागतात. भरून दिले तर दोन हजारांत गिऱ्हाईक हसत जातं. शेवटी आमचा तह झाला. भरायचं असेल तर भर, पण बिलावर 'भरले' असं लिही. लिहितो बिचारा, बारीक अक्षरात.

सिरॅमिक कोटिंगबद्दल विचारल्याशिवाय हल्ली कोणी जात नाही, म्हणून तेही सांगतो. सिलिकॉनच्या संयुगांचं हे द्रावण थेंब थेंब पसरवून पुसतात आणि ते रंगावर घट्ट बसतं. चांगली वस्तू आहे. पाणी ठरत नाही, घाण चिकटत नाही, धुणं सोपं होतं, मेणापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉन, फार तर. जाहिरातीत 'नाइन-एच' लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल. अहो, हा पेन्सिलीचा आकडा आहे. चित्रकलेच्या तासाला एच-बी, टू-एच पेन्सिली होत्या ना, त्याच पट्टीतली सगळ्यात कडक पेन्सिल नाइन-एच. तिने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पोराने खिळ्याने रेघ मारली किंवा ट्रकमागे जाताना खडी उडाली तर कोटिंग काही करू शकत नाही. त्यासाठी जाड पारदर्शक फिल्म असते, दीडशे-दोनशे मायक्रॉनची. तिचा खर्च वेगळाच. आणि कोटिंगखाली जे चरे असतील ते तसेच बंद होतात, हे कोटिंग विकणारा सांगत नाही.

गाडीच्या आतलं काम हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. एक मात्र सांगून ठेवतो. चंपाषष्ठीला बाळ्याच्या खंडोबाहून आलेल्या गाड्यांत भंडारा असतो. घाबरून सीटवर साबण चोळू नका. हळद साबणाने लाल होते आणि मग मालकिणीचा चेहराही. आधी कोरडी ओढून घ्या, नुसत्या ओल्या फडक्याने टिपा आणि काचा खाली करून गाडी दोन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो. आमच्या सोलापुरात दुसरं काही कमी असेल, ऊन कमी नाही.

सरांची गाडी दर दिवाळीला माझ्याकडे यायची. माझ्या वहीत तिचं वेगळं पान आहे. बॉनेट ९६, टप १०१, उजवी दारं ९८ आणि १००, डावं मागचं दार १९०. बॉनेट ९६ भरल्यापासून मी त्याला मशीन लावलं नाही, धुऊन मेण लावून देत आलो. सरांनी आता ऐंशी ओलांडली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मुलांनी गाडी चालवणं बंद करायला लावलं आणि गेल्या दिवाळीनंतर ती विकायला काढली. घ्यायला आलेला पोरगा हुशार. त्याच्याकडे माझ्यासारखंच यंत्र होतं. डाव्या मागच्या दारावर टेकवलं आणि म्हणाला, "आजोबा, गाडी ठोकलेली आहे." सरांनी खणातून माझा कागद काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. त्या पोराने खालच्या नंबरवर मला फोन लावला आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय?" मी म्हटलं, "वेलांटी सोडून सगळं मीच."

गाडी त्याने घेतली, पण त्या दाराचे म्हणून पाच हजार कमी करून. ते पाच हजार घेऊन मी सरांकडे दोनदा जाऊन आलो. सर घेत नाहीत, आणि मी ते घरी परत आणले की आमच्या घरी बायको घेत नाही. तूर्त ते वहीत, सरांच्या पानात ठेवले आहेत.